अंबडमध्ये बनवून घेतलेली पेट्रोलची टाकी: बॅफल, फोम आणि चौदा महिन्यांचा वापर

पेट्रोल निम्म्यावर आलं की माझ्या एस्टीमच्या मागून एक आवाज यायचा. जोरात ब्रेक दाबला की आधी गाडी आवरायची आणि मग क्षणभराने पाठीमागून धप्प. कुणी ओलं पोतं पत्र्यावर आपटावं तसा. तो आवाज पेट्रोलचा होता. पंधरा-सोळा लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ १२ किलो वजन. ते टाकीच्या एका भिंतीवरून सुटून दुसऱ्या भिंतीवर आदळत होतं, आणि त्या भिंतीच्या पुढे हातभर अंतरावर माझी सीट होती.

दिंडोरीजवळच्या आमच्या गावात आजी विहिरीवरून पाणी आणायची तेव्हा भरलेल्या हंड्यात निंबाचा डहाळा टाकायची. डहाळा पाण्यावर तरंगायचा, पाणी हिंदकळायचं नाही आणि आजीची पाठ कोरडी राहायची. शर्यतीच्या गाडीच्या टाकीतले बॅफल, म्हणजे टाकी आतून कप्प्यांत तोडणाऱ्या भोकांच्या पट्ट्या, आणि फोम यांचं निम्मं काम त्या डहाळ्याचंच. उरलेलं निम्मं आगीशी संबंधित आहे. या दोन निम्म्यांची गल्लत मी एकदा केली, दुसऱ्यांदा एका चांगल्या माणसाने ती निस्तरून दिली. त्या कामाबद्दल हे लिहितो आहे.

ते काम करणारी शेड नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्याकडे आर्गन वायूवर वेल्डिंग करणारी दोनच मशीन आहेत आणि काम ओळखीतून येतं, म्हणून नाव-पत्ता उघड लिहू नको असं त्यांनी सांगितलं, ते मी पाळतो. वायनरीच्या स्टेनलेसच्या टाक्या आणि द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरच्या टाक्यांची दुरुस्ती हे त्यांचं मुख्य काम. गाडीची पेट्रोलची टाकी त्यांनी माझ्याआधी फक्त दोनदा बनवली होती. तरीही हे काम त्यांच्याइतकं समजून करणारा माणूस मला नाशिकमध्ये दुसरा भेटला नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. २००३ ची एस्टीम, १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिन, आत रोल केज (गाडी उलटली तर सांभाळणारा नळ्यांचा पिंजरा), मागच्या सीट काढलेल्या. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा मी कॉलेजात होतो, बांधावर उभं राहून धूळ खाल्ली आहे, तेव्हापासूनचं हे वेड. नोकरी सातपूरला, मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात. सुटीत ऑटोक्रॉस, म्हणजे मैदानात आखलेल्या वाटेवर घड्याळाशी शर्यत, आणि वर्षातून एक-दोनदा ट्रॅक. ही गाडी रस्त्यावर चालवत नाही, ट्रेलरवर नेतो. हे आधीच सांगतो, कारण रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे. रोजच्या गाडीसाठी हे वाचत असाल तर मूळ टाकीला हात लावू नका. कंपनीच्या टाकीत बॅफल असतातच आणि रस्त्यावरच्या वळणांना ते पुरतात.

पहिली टाकी मी २०२३ च्या शेवटी शहरातल्या एका वर्कशॉपमधून करून घेतली होती. डिकीत बसणारा ॲल्युमिनियमचा सरळ चौकोनी डबा, ३२ लिटरचा, आत एकही आडवी-उभी पट्टी नाही. मी बॅफलबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "फोम टाकला की बॅफल लागत नाही, शर्यतीच्या गाड्यांत फोमच असतो." सुरुवातीला सांगितलेला धप्प आवाज याच डब्यातला. मग फोमही त्यांनीच मागवून दिला. पिवळा, मऊ, स्पंजसारखा. त्याच्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, जात लिहिलेली नव्हती, सोबत कागद नव्हता. मी तेव्हा विचारलं नाही. तपासणी विभागात रोज सर्टिफिकेटशिवाय सळईचा तुकडासुद्धा आत घेत नाही आणि ज्या वस्तूशी माझा जीव बांधलेला होता तिचा कागद मागितला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आठ महिन्यांनी गाडी मिसिंग मारायला लागली. आधी वाटलं प्लग, मग कॉइल. शेवटी पंप काढला तर त्याच्या जाळीवर पिवळ्या चिखलाचा थर. टाकीचं झाकण उघडून हात घातला आणि फोम चिमटीत धरला तर बोटांत त्याचा भुगा झाला. शिळ्या भाकरीसारखा. फिल्टर कापून पाहिला, तोही भरलेला. रेल आणि चारही इंजेक्टर साफ करून घ्यावे लागले.

कारण नंतर कळलं. आमच्या गल्लीत एक काका राहतात, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात त्यांची नोकरी झाली. त्यांना तो भुगा दाखवला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पॉलिएस्टर होता का पॉलिइथर?" त्यांच्याकडून आणि नंतर माझ्या वाचनातून जे समजलं ते असं. टाकीत भरायचा हा फोम मुळात विमानांसाठी पुढे आला. पॉलियुरेथेनचा फोम करतात आणि मग त्यातल्या प्रत्येक बुडबुड्याची पातळ भिंत उडवून देतात, वायूचा स्फोट घडवून किंवा रसायनाने. उरतो तो फक्त तंतूंचा सांगाडा. म्हणून अख्खी टाकी भरली तरी तो जेमतेम तीन टक्के जागा खातो. अमेरिकी हवाई दलाने पहिल्या पिढीत नारिंगी रंगाचा पॉलिएस्टर जातीचा फोम वापरला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात आग्नेय आशियाच्या उष्ण दमट हवेत तो टिकेना, पाण्याच्या वाफेने त्याची साखळी तुटून चुरा होऊ लागला. मग निळा पॉलिइथर जातीचा आला, तो दमटपणाला टिकला. पण त्यातून इंधन वाहताना स्थिर वीज साठायची आणि टाकीत ठिणगी पडून आगी लागल्याचे प्रकार झाले. त्यानंतर वीज वाहून नेणारा फोम आला. प्रत्येक रंगामागे एक चूक आणि तिची दुरुस्ती आहे.

आता आपल्याकडचं बघा. पंपावर मिळणारं पेट्रोल ई२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. त्यात आपला पावसाळा, चार महिने ओल. गाडी महिना-महिना उभी, टाकी अर्धी. पॉलिएस्टर जातीच्या फोमला याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. फोम घेताना रंगावर जाऊ नका, जात विचारा आणि इथेनॉल चालतं का ते बनवणाऱ्याच्या पत्रकात लिहिलेलं दाखवा म्हणून अडून बसा.

पण भुगा ही त्या पहिल्या टाकीची एकच खोड होती. फोम चांगला होता तेव्हासुद्धा गाडी लांब वळणात मरायची, आणि ते समजायला मला जास्त वेळ लागला. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पहिल्यांदा लक्षात आलं. धप्प आवाज गेला होता, ब्रेकखाली गाडी शांत होती. पण टाकी पाव राहिली की लांब वळणाच्या उत्तरार्धात इंजिन खोकायचं. वळण सुरू झाल्यावर लगेच नाही, तीन-चार सेकंदांनी. भरल्या ॲक्सिलरेटरवर पेट्रोलचा दाब पडला की मिश्रण कोरडं होतं आणि इंजिन ठोकायला लागतं, पिस्टन त्याने वितळतात. मी पाय काढून घेतला म्हणून निभावलं.

घरी येऊन कागदावर मांडलं. वळणात गाडीला ०.८ जी, म्हणजे वजनाच्या ०.८ पट, आडवा जोर मिळत असेल तर टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग जवळजवळ ३९ अंशांनी कलतो. १ जी असेल तर ४५ अंश. माझी टाकी ६० सेंटिमीटर रुंद, २० उंच, २७ खोल. पाव टाकी म्हणजे ८ लिटर, सपाटीवर ५ सेंटिमीटर उंचीचं पेट्रोल. ते ३९ अंशांत कललं की सगळं एका कोपऱ्यात जाऊन उभं राहतं आणि तळाची फक्त २७ सेंटिमीटर रुंदी ओली राहते. पंपाचं तोंड मधोमध, म्हणजे ३० सेंटिमीटरवर. कोरडं.

फोम यात काहीच बदलत नाही. तो पेट्रोलचा वेग मोडतो, त्याला आपटू देत नाही. पण वळण पुरेसं लांब असेल तर पेट्रोल त्या तंतूंमधून वाट काढत, जरा उशिरा का होईना, त्याच कोपऱ्यात पोचतं. ते तीन-चार सेकंद हा त्याचा उशीर होता. "फोम टाकला की बॅफल लागत नाही" हे वाक्य त्यामुळेच चुकीचं आहे, आणि मी ते अजूनही चांगल्या-चांगल्या लोकांच्या तोंडून ऐकतो. पेट्रोल पंपाच्या तोंडाशी अडवून ठेवायला भिंत लागते, आणि एकाच बाजूने उघडणारं दार.

२०२४ च्या ऑक्टोबरात ही जुनी टाकी घेऊन मी अण्णांकडे गेलो. माझी कल्पना अशी की वरचा पत्रा कापायचा, आत दोन पट्ट्या मारायच्या, परत बंद करायची. अण्णांनी झाकणाला नाक लावलं आणि टाकी उचलून शेडच्या बाहेर, गेटपाशी नेऊन ठेवली.

"भाऊ, वापरलेल्या टाकीला मी आर्गन लावत नाही. नवी बनवू."

मी म्हटलं, "अण्णा, महिना झाला रिकामी आहे. तीनदा धुतली."

"वास गेला म्हणजे वाफ गेली असं नसतं. सांध्यात राहते. आमच्या धंद्यात एकाचे हात गेलेत."

पुढचे दहा हजार रुपये वाचवायचा माझा विचार तिथेच संपला. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की पेटते. भरलेल्या बंद टाकीत ती इतकी दाट असते की सहसा पेटत नाही. रिकामी, उघडी, तळाला चार थेंब राहिलेली टाकी ही खरी घातक. कुणी तुम्हाला वापरलेल्या टाकीत बॅफल वेल्ड करून देतो म्हणाला तर टाकी उचला आणि घरी या.

नवी टाकी ३ मिलिमीटरच्या ५०५२ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. मापं तीच. आत दोन उभ्या बॅफल, रुंदीचे तीन कप्पे पाडणाऱ्या. हे कसं करायचं ते अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण सहाशे लिटरचा ब्लोअर ट्रॅक्टरमागे बागेत वळताना काय होतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. पाण्याच्या टँकरमध्येही ह्याच पट्ट्या असतात, नाहीतर ब्रेक मारल्यावर टँकर पुढे ढकलला जातो. प्रत्येक बॅफलचे खालचे दोन्ही कोपरे कापलेले, म्हणजे शेवटचं पेट्रोल अडकून राहत नाही. वरचे कोपरेही कापलेले, हवेला वाट. मधली भोकं ३० मिलिमीटरची आणि त्यांची कड दाबून वळवलेली. मी विचारलं, कड कशाला? एक तर पत्रा ताठ राहतो आणि दुसरं म्हणजे फोम धारेवर घासून कापला जात नाही. हे दुसरं कारण माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बॅफल टाकीच्या भिंतीला सलग वेल्ड केली नाही, तुकड्या-तुकड्यांत टाके मारले, कोपऱ्याच्या आधी थांबून. सलग मारली तर धक्क्यांनी भिंत नेमकी त्या रेषेत तडकते, असं त्यांचं म्हणणं. ब्लोअरच्या तडकलेल्या टाक्या शेडमध्येच पडल्या होत्या, त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

मधल्या कप्प्यात तळाला दीड लिटरचा एक छोटा चौकोनी डबा. त्याच्या चारही बाजूंना एकेक झडप, फक्त आत उघडणारी. पेट्रोल ज्या बाजूला धावेल त्या बाजूची झडप ढकलून आत शिरतं आणि उलट फिरलं की झडप मिटते. पंपाचं तोंड याच डब्यात. इंजिनकडून परत येणारी रिटर्न लाइनसुद्धा याच डब्यात सोडलेली, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पंप मिनिटाला दीड लिटरच्या वर ओढतो, पण माझं इंजिन पूर्ण जोरात असताना मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आतच जाळतं. बाकीचं परत येतं. रिटर्न डब्याबाहेर सोडली तर डबा मिनिटभरात रिकामा. डब्यात सोडली तर तो तीन मिनिटं पुरतो, आणि तीन मिनिटांचं वळण जगात नाही.

फोम आत घालायचा म्हणजे वेल्डिंगच्या आधी घालता येत नाही, तो जळेल. आणि एकाच छोट्या झाकणातून घालायचा तर बॅफलमुळे बाजूच्या कप्प्यांत हात पोचत नाही. यावर अण्णांनी अख्खं वरचं झाकणच बोल्टचं केलं. टाकीच्या काठाला बाहेरच्या बाजूने फ्लँज, म्हणजे आडवी पट्टी, त्यावर ३६ बोल्ट. बोल्ट फ्लँजमधून बाहेरच जातात, एकही पेट्रोलच्या जागेत शिरत नाही. या एका निर्णयामुळे मी आज टाकी वर्षातून दोनदा उघडू शकतो.

झाकण बसवायच्या आधी आम्ही एक चाचणी केली. ज्यांना टाकी बनवायची आहे त्यांनी ती जरूर करावी. झाकणाच्या जागी त्याच बोल्टांनी पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा बसवला. आत आठ लिटर पाणी, त्यात कपड्यांना घालायची नीळ, म्हणजे दिसायला सोपं. मग टाकी एका बाजूने उचलून ३९ अंशांत लाकडाच्या पाचरीवर टेकवली. वळणात पेट्रोल जिथे जाऊन बसतं तिथेच पाणी गेलं. निळं पाणी कोपऱ्यात, अर्धा तळ उघडा, आणि मधला डबा भरलेला. आम्ही घड्याळ लावलं. झडपांच्या फटीतून पाणी हळूहळू गळत होतं, पण वीस सेकंदांनीही डब्यात निम्म्याहून जास्त होतं. मी इतका वेळ ज्याच्यासाठी कागद रंगवत होतो ते समोर दिसत होतं, आणि शेडमधली दोन्ही पोरं हातातलं काम सोडून बघायला आली होती. दुसऱ्या बाजूला कलवल्यावर मात्र एक झडप अडकली. पिनला वेल्डिंगचा थेंब चिकटला होता. बंद टाकीत हे कधीच कळलं नसतं.

फोम मी स्वतः आणला, मुंबईच्या एका विक्रेत्याकडून, आयात केलेला. पॉलिइथर जातीचा, वीज वाहून नेणारा, १० पीपीआयचा, म्हणजे एका इंचात साधारण १० छिद्रं. बारीक छिद्रांचा २५ पीपीआयचाही मिळतो. ज्वाळा अडवायला बारीक चांगला, पण त्यात पेट्रोल जास्त अडकून राहतं आणि पंपाकडे उशिरा येतं. आत बॅफल असल्यामुळे मी जाड छिद्रांचा घेतला. टाकीत घालण्याआधी एक तुकडा काचेच्या बरणीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये सहा आठवडे बुडवून मळ्यातल्या शेडमध्ये ठेवला, घरापासून लांब. ५० मिलिमीटरचा तुकडा फुगून ५३ झाला. रंग तसाच, चिवटपणा तसाच. हा फुगवटा लक्षात घेऊन तुकडे कापावे लागतात, नाहीतर झडपांवर दाब येतो. पावाच्या दातेरी सुरीने फोम नीट कापला जातो. डब्याच्या चारही बाजूंना झडप उघडेल इतकी जागा मोकळी सोडली, फ्लोटभोवती आणि भरायच्या तोंडाखालीही. कुठेही गोंद नाही. प्रत्येक तुकडा बसवण्याआधी कोरड्या हवेने झटकला.

आगीबद्दल इथे सांगायला हवं, कारण फोमचं खरं कारण तेच आहे. १९६४ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्डची गाडी भिंतीवर आदळून पेटली, एडी सॅक्सची तिच्यावर आदळली आणि दोघेही गेले. त्यानंतर शर्यतीच्या गाड्यांत पत्र्याच्या उघड्या टाक्या मागे पडत गेल्या आणि रबरी ब्लॅडर, म्हणजे पिशवीसारखी टाकी, व तिच्या आत फोम ही जोडी रुळली. टाकी फुटून हवा आत शिरली तर ज्वाळा त्या तंतूंच्या जाळ्यात अडकते, तिची उष्णता तंतू शोषून घेतात आणि दाब एकदम चढत नाही. शिवाय पेट्रोल फवारा होऊन उडत नाही, हळू पाझरतं. गाडीतून बाहेर पडायला जे काही सेकंद लागतात ते त्यातून मिळतात. पण फोम गळती थांबवत नाही. ते काम ब्लॅडरचं. माझी टाकी ॲल्युमिनियमची आहे, तिला कोणतंही मानांकन नाही. ज्या स्पर्धेत एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या एफटी३-१९९९ मानकाची टाकी मागतात तिथे ही चालणार नाही, तिथे प्रमाणित ब्लॅडरच घ्या. तिचं आयुष्यही बनवल्यापासून पाच वर्षांचं धरतात, स्वस्तात मिळते म्हणून मुदत संपलेली घेऊ नका.

अर्थिंग विसरू नका. टाकी, भरायचं तोंड आणि गाडीचा सांगाडा तांब्याच्या वेणीने जोडले. व्हेंटला, म्हणजे टाकीच्या हवेच्या वाटेला, गाडी उलटली तर बंद होणारी झडप, नळी गाडीच्या बाहेर. पेट्रोल भरताना पंपावरच्या दादांना दर वेळी "हळू सोडा" सांगावं लागतं, कारण फोममधून ते उतरायला वेळ लागतो आणि बंदुकीचा खटका मध्येच पडतो.

मी मोजलं. फोम नसताना टाकीत काठोकाठ ३१ लिटर मावत होतं, फोम घातल्यावर ३० ला थोडं कमी. पूर्ण उपसल्यावर पाऊण लिटरच्या आसपास तंतूंना धरून राहतं. ऑटोक्रॉसला याने काही फरक पडत नाही.

ट्रॅकवरचा अनुभव सांगतो. गेल्या हिवाळ्यात त्याच ट्रॅकवर त्याच वळणात मी मुद्दाम पाच लिटरवर गेलो. पेट्रोलच्या दाबाचा काटा मित्राने फोनवर चित्रित केला. तो हललाही नाही. मी सलग सहा फेऱ्या मारल्या, इंजिन एकदाही खोकलं नाही. पिटमध्ये येऊन हेल्मेट काढलं तेव्हा अण्णांना फोन करायची इतकी घाई झाली होती की हातमोजे काढायचं राहिलं. ब्रेकखाली मागून काहीही येत नाही. पंधरा लिटरवर गाडी दिशा बदलताना आता शेपूट उशिरा ओढल्यासारखी वाटत नाही. हा फायदा मी धरलाच नव्हता. मिसिंग घालवायला गेलो होतो आणि गाडी चालवायला सरळ झाली.

आता तक्रारी, अण्णांनाही सांगितलेल्या. दहा दिवसांचं काम सव्वीस दिवसांनी मिळालं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सुरू होते, शेडच्या दारात ब्लोअरची रांग लागते आणि शेतकऱ्याचं काम आधी, हे ते स्पष्ट सांगतात. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला ते पटतं, पण तारीख देताना सांगायला हवं होतं. टाकीत ॲल्युमिनियमचा किस राहिला होता. मी घरी आणून चुंबक फिरवून उपयोग नाही म्हणून तीनदा धुऊन, पांढऱ्या कापडाने पुसून काढला. पहिलं गास्केट त्यांनी कॉर्कचं दिलं, ते महिनाभरात दोन बोल्टांजवळ पाझरलं. पेट्रोलच्या टाकीला ही चूक छोटी नाही. नायट्राइल रबराचं बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत, तेव्हापासून कोरडं आहे. गळतीची चाचणी त्यांनी साबणाच्या पाण्याने आणि अगदी कमी दाबाने केली, ते बरोबरच, पण कागदावर काही लिहून देत नाहीत. चित्र, मापं, वेल्डिंगच्या तारेची जात, सगळं मी माझ्या वहीत उतरवलं.

खर्च: टाकी, बॅफल, झडपांचा डबा आणि झाकण मिळून २७,५०० रुपये. फोम ११,०००. फिटिंग, व्हेंट, वेणी, नवा फिल्टर धरून आणखी सहा हजारांच्या घरात. पहिल्या टाकीत, इंजेक्टरच्या सफाईसकट, मी जे घालवलं ते यात धरलेलं नाही. पैसे एकदम नसतील तर आधी बॅफल आणि झडपांचा डबा करून घ्या, बोल्टच्या झाकणासकट, आणि फोम दोन महिन्यांनी घाला. पण फोम घातल्याशिवाय कुणाशी स्पर्धेत उतरू नका.

जाणार असाल तर छाटणीच्या हंगामात जाऊ नका, जून-जुलैत जा. मोटारीची मापं पुठ्ठ्यावर कापून न्या, अण्णांना कागदावरच्या चित्रापेक्षा हातात धरता येणारी वस्तू लवकर कळते. आणि निळीच्या पाण्याची चाचणी करायला स्वतः हजर राहा.

या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, मी ३६ बोल्ट काढून झाकण उघडलं. प्रत्येक कप्प्यातला एक तुकडा बाहेर काढून चिमटीत पिळला, दोन्ही हातांनी ताणला, पांढऱ्या कापडावर आपटला. कापडावर काही पडलं नाही. झडपा चारही मोकळ्या. पंपाची जाळी स्वच्छ होती, फक्त कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे दोन बारीक कण, पहिल्या धुण्यातून निसटलेले. वहीत तारीख लिहिली, बरणीतला तुकडा ताज्या पेट्रोलमध्ये परत बुडवला, नवं गास्केट लावून बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने आवळले. पुढचं उघडणं एप्रिलमध्ये.